देवीचे दोन मुखवटे

आमच्या दुकानात दोन ऐरणी होत्या आणि मी नेहमी चुकीच्या ऐरणीजवळ बसलेला असे. निदान नव्या गिऱ्हाइकाला तसे वाटे. उजव्या हाताला माझे वडील नारायण, आमचे अण्णा, सोन्याचे काम करीत. डाव्या हाताला त्यांचे भागीदार शिवप्पाकाका चांदी ठोकीत. मी काकांच्या शेजारी बसत असे आणि काकांचा मुलगा इरण्णा अण्णांच्या शेजारी. त्यातच दारावरच्या पाटीवर ‘नारायण शिवप्पा आणि मंडळी’ असे रंगवलेले होते, त्यामुळे बाहेरगावचे लोक शिवप्पा हे अण्णांच्या वडिलांचे नाव समजत. काका वयाने अण्णांहून थोडेच मोठे होते. “लेक माझा कामाला वाघ आहे, बोलायला तेवढं शिकवायचं राहिलं,” असे ते अण्णांकडे बोट दाखवून गिऱ्हाइकाला सांगत. अण्णा हसत नसत आणि खुलासाही करीत नसत. काका हे माझे आजोबा आहेत, अशी माझी बरीच वर्षे समजूत होती. ती कोणी दूर केली ते आठवत नाही.

मुलांची ही अदलाबदल दोघांनी ठरवून केली होती. आपल्या मुलाला आपण शिकवायचे नाही, हा त्यांचा नियम होता. बाप शिकवू लागला की एकतर फार मारतो नाहीतर फार सांभाळतो, आणि दोन्हींनी हात बिघडतो, असे अण्णांचे मत होते. अण्णांची मते थोडी होती आणि ती बदलत नसत. एका खंडेनवमीला हत्यारांची पूजा झाल्यावर अण्णांनी इरण्णाच्या हातात फुंकणी दिली आणि काकांनी माझ्या हातात हातोडी. ती त्यांची स्वतःची जुनी हातोडी होती. तिच्या तोंडाच्या कडेला बारीक खाच पडलेली होती आणि तिचा प्रत्येक घाव चांदीवर तांदळाच्या कणीएवढी रेघ ठेवून जाई. मी ती कानशीने घासून काढायला निघालो तेव्हा काकांनी माझे मनगट धरले. त्यांचे घराणे अक्कलकोटकडचे. मराठीत कानडी मिसळूनच बोलत. “राहू दे की रे तम्मा. घाव कुठं वाकडा पडला ते तीच सांगते बघ.”

आमचे दुकान सराफ कट्ट्यामागच्या गल्लीत, आणि दुकानाच्या वरच आम्ही राहत असू. गिरणीचा भोंगा झाला की गल्ली जागी होई. आधी पाण्याच्या बादल्या, मग झाडलोट, मग शेगडीत कोळसा फुलवण्याचा फुरफुराट, आणि त्यानंतर दोन ऐरणींचे दोन आवाज. अण्णांचा आवाज बारीक आणि थांबत थांबत येणारा. काकांचा भरदार, एका लयीत चालणारा. वर स्वयंपाकघरात बसलेल्या आईला खाली कोण हात थांबवून गिऱ्हाइकाशी बोलते आहे ते नुसत्या आवाजावरून कळे. काकांचा बराच वेळ थांबला की ती म्हणे, “झालं, शिवप्पाभाऊजींना कुणीतरी ऐकणारा भेटला.” आज माझ्या डाव्या कानाला जवळजवळ ऐकू येत नाही. डॉक्टरांनी कारण विचारले. मी म्हटले, त्या बाजूला काका बसत. त्यांनी ते कागदावर लिहिले नाही.

दुपारचे जेवण हा त्या अदलाबदलीचाच भाग होता. शिकणाऱ्याने शिकवणाऱ्याच्या डब्यातले खायचे. काकांच्या घरून गौरव्वाकाकू मोठा डबा पाठवीत. ज्वारीची कडक भाकरी, तेल सुटलेली शेंगांची चटणी, कच्चा कांदा, कधी मेथीचा पाला, आणि सणवार असला की गव्हाची गोड हुग्गी. इरण्णा आमच्या माडीवर जाऊन आईच्या हातचा वरणभात जेवे आणि वर ताक मागून घेई. अशा रीतीने मी दुसऱ्याच्या घरच्या तिखटावर वाढलो आणि तो दुसऱ्याच्या घरच्या ताकावर. आम्हाला यात काही वेगळे आहे असे वाटत नसे. इरण्णाची बोटे सडपातळ होती, माझा पंजा रुंद; लोक म्हणत की कामाने हात घडतो. मला वाटते, जेवणानेही घडत असावा.

आमचे शिक्षण जवळजवळ पुरे होत आले होते. मी काकांच्या देखरेखीखाली देवाचे टाक आणि गळ्यातले लिंग ठेवायच्या करंड्या एकट्याने करू लागलो होतो. इरण्णाची बोरमाळ अण्णा न तपासता गिऱ्हाइकाला देऊ लागले होते. त्याच सुमारास एका सकाळी शिवप्पाकाका नेहमीच्या वेळी आले, त्यांनी चपला काढल्या, आणि ते आपल्या ऐरणीकडे न जाता गिऱ्हाइकांच्या गादीवर बसले. अण्णांनी वर पाहिले. काकांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. थोड्या वेळाने अण्णांनी कोपऱ्यावरच्या हॉटेलातून चहा मागवला. बाहेरचा चहा आमच्याकडे फक्त गिऱ्हाइकासाठी येई. काकांनी तो घेतला, कप खाली ठेवला आणि म्हणाले, “बरं आहे, नारायणराव.” एरवी ते अण्णांना ‘नाऱ्या’ म्हणत. तेवढ्यावर भागीदारी संपली.

का संपली, ते मला तेव्हा कळले नाही आणि आजही सांगता येणार नाही. मी अण्णांना विचारले तर ते म्हणाले, “काकांना विचार.” मी इरण्णाला गाठले, तर तोही त्याच्या वडिलांना विचारून बसला होता. “बाबा म्हणाले, अण्णांना विचार.” आई म्हणाली, कुणाची तरी दृष्ट लागली. गल्लीत कोणी म्हणे, पाटीवर कुणाचे नाव आधी यावरून झाले. कोणी म्हणे, काकांना मोतीबिंदू झाला आहे आणि त्यांना दुसऱ्याच्या कमाईवर बसायचे नाही. काकांची नजर उतरली होती हे खरे. सुईच्या टोकाएवढे काम ते बोटाने चाचपून पाहू लागले होते. परंतु पाटी रंगवली तेव्हा काकाच हजर होते आणि नावांचा क्रम त्यांनीच सांगितला होता. मी ही सगळी कारणे पुष्कळदा समोर मांडून पाहिली आहेत. एकही पुरेसे वजनदार वाटत नाही. सगळी एकत्र केली तरी त्यांतून ती सकाळ तयार होत नाही.

वाटणी मात्र सरळ झाली. काकांनी गल्लीच्या दुसऱ्या टोकाला दुकान घेतले. त्यांची ऐरण, राळेची कढई, ठसे तिकडे गेले. काटा अण्णांकडे राहिला, तिजोरी काकांनी घेतली. तयार चांदी समोरासमोर वाटून घेतली. त्या चांदीत एकाच मापाचे दोन जाड पत्रे होते. उजनीच्या पाण्याकाठच्या एका गावाने ते काम दिले होते. धरणाच्या पाण्यात त्यांचे जुने देऊळ गेले होते. वर नवे देऊळ बांधून लक्ष्मीआईला चांदीचा मुखवटा आणि मागे प्रभावळ करायची, असे ठरले होते. गावातल्या बायकांनी तोडे, वाळे, जोडवी काढून दिली होती. ती आटवून काकांनी हे दोन पत्रे काढले होते. एक चेहऱ्याचा, एक प्रभावळीचा. वाटणीत एक पत्रा इकडे राहिला आणि एक तिकडे गेला. सगळे जण समोर होतो. कोणाच्याही लक्षात आले नाही, किंवा आले आणि कोणी बोलले नाही.

शेवटी उरलो आम्ही दोघे. काकांनी दाराशी थांबून विचारले, “आणि पोरं?”

अण्णा म्हणाले, “ज्याची त्याची.”

त्या दिवसापासून मी अण्णांच्या शेजारी बसू लागलो. नियमाप्रमाणे ते मला शिकवू शकत नव्हते आणि माझ्या हातून त्यांचे काम होत नव्हते. मला त्यांनी बोरमाळेच्या मण्यांना डाक लावायला सांगितले. चांदीच्या मोठ्या कामाला फुंकणीतून लांब, भरून फुंकर घालावी लागते. सोन्याचा मणी दिव्याच्या ज्योतीवर, जेमतेम ओठ हलतील इतक्या श्वासाने सांधायचा असतो. मी माझ्या सवयीने फुंकर मारली आणि मणी एकमेकांत वितळून शेंगदाण्याएवढा गोळा झाला. अण्णांनी तो चिमट्याने उचलून मुशीत टाकला. “ऊठ,” एवढेच म्हणाले. त्यानंतर मी दुकान झाडत असे, पाणी भरत असे आणि गिऱ्हाइकाला दागिने उलगडून दाखवत असे. दुपारी वर जाऊन आईच्या हातचा वरणभात जेवताना मला पाहुण्यासारखे वाटे. तिने माझ्यासाठी शेंगांची चटणी कुटली. ती गोड झाली होती. मी पुन्हा वाढून घेतली, पण तिने ओळखले. “काकूंसारखी नाही झाली ना?”

इरण्णा पाण्याच्या नळावर भेटे. तो म्हणाला, “तिकडं मी हातोडी मारली की बाबा डोळे मिटून घेतात.”

“आमचे अण्णा डोळे उघडे ठेवतात. ते जास्त वाईट,” मी म्हटले.

मी कोणत्या कामाचा माणूस आहे, हा प्रश्न त्या वेळी मला पडला होता. घरात तो प्रश्न कोणी उच्चारला नाही. परंतु मामा बार्शीच्या आडतीवर माझ्यासाठी कारकुनाची जागा पाहत आहेत, असे आईच्या बोलण्यातून निघाले. अण्णांनी ते ऐकले आणि नाही म्हटले नाही.

एका सकाळी अण्णांनी देवीचा पत्रा काढून माझ्यासमोर ठेवला. “हे लक्ष्मीआईचं आहे. गावाला शब्द मी दिलाय.”

मी म्हटले, “मुखवटा काकांचं काम आहे.”

“शब्द मी दिलाय. तुला येईल?”

“राळ लागेल. ती काकांकडे आहे.”

“नवी आण.”

प्रभावळीचे काय, ते मी विचारले. दुसरा पत्रा काकांकडे आहे, ती ते करतील, असे अण्णांनी गृहीत धरले होते. काकांना तसे कळवायचे का, हे विचारण्याचे धाडस मला झाले नाही. दोन दुकानांतले अंतर एवढे होते की मी इकडे हातोडी मारली तर तिकडे ऐकू जावी. तरीही ते अंतर कोणी ओलांडले नाही.

काका चेहरा हनुवटीपासून सुरू करीत. इतर कारागीर नाकापासून करतात. नाक आधी आले की बाकीचे तोंड त्याच्यामागे धावते, असे त्यांचे म्हणणे होते. मी राळ तापवून पत्रा तिच्यावर बसवला आणि त्यांच्या पद्धतीने हनुवटी ठोकायला घेतली. माझ्याजवळ हातोडी तीच होती, खाचेची. मागून उठाव काढायचा, पत्रा उलटायचा, पुढून रेखायचे, पुन्हा तापवायचे. चांदी ठोकून कडक होते, आणि ती कडक झाली हे आधी मनगटाला कळते. गाल वर आले. ओठ आले. डोळे काका करीत तसे मोठे आणि पापण्या न रेखलेले. अण्णा आपले काम करीत बसलेले असत. माझ्याकडे पाहत नसत. मात्र मी थांबलो की त्यांचाही हात थांबे. अगदी शेवटी मी नाक काढले. त्या दिवशी अण्णांनी मुखवटा मांडीवर घेतला, कपाळाच्या मध्यभागी सोन्याचा टिळा बसवला आणि तो फळीवर ठेवून दिला. बरा झाला की वाईट, ते म्हणाले नाहीत. बार्शीच्या जागेचा विषयही निघाला नाही. मी त्यातून काय समजायचे ते मला कळेना.

ठरल्याप्रमाणे गावाहून सदाबा गुरव आणि त्यांची थोरली बहीण सोनाबाई आली. चांदी गोळा करण्यासाठी घरोघर फिरल्या होत्या त्या सोनाबाईच. आमच्या पायरीवर त्या चढल्या तेव्हा त्यांच्या काखेत लाल कापडाचे गाठोडे होते.

“ह्ये तोंड त्या टोकाच्या दुकानातनं घिऊन आलो,” सोनाबाई म्हणाल्या. “तुमी येगळं झाल्यालं आमास्नी काय म्हाईत? आता मागची परभावळ तेवढी द्या, म्हंजी यस्टी गावंल.”

अण्णांनी फळीकडे पाहिले. त्यांच्या नजरेमागोमाग सोनाबाईंनीही पाहिले. फळीवर लक्ष्मीआईचा मुखवटा होता. त्यांनी काखेतले गाठोडे सोडले. त्यातही लक्ष्मीआईचा मुखवटा होता, कपाळावर सोन्याच्या टिळ्यासह.

सदाबा खाली बसले. “आगं आक्का, दोन हायत.”

“मला दिसतंय की. आरं, आमची द्येवी एकतोंडी हाय. दोन तोंडं करून ठिवली तर ती नवस कुन्या कानानं ऐकायची? आन परभावळ कुटं हाय?”

प्रभावळ कुठेच नव्हती. ती आमच्याकडे होते आहे असे काकांना वाटले होते आणि काकांकडे होते आहे असे आम्हाला. चेहरा कोणी करायचा याबद्दल दोघांनाही शंका नव्हती. अण्णांनी मला काकांना बोलवायला पाठवले नाही. सदाबांनाच विनंती केली. काका आले. मागे इरण्णा होता. वेगळे झाल्यापासून काका प्रथमच त्या पायरीवर चढले. त्यांच्या ऐरणीची जागा रिकामी होती, तिथे फरशीवर गोल डाग राहिला होता. त्यांनी डागाकडे पाहिले आणि ते गिऱ्हाइकांच्या गादीवर, सोनाबाईंच्या शेजारी बसले.

“ह्यातलं एक आटवून परभावळ करा,” सोनाबाई म्हणाल्या. “माजं तोडं हायत त्येच्यात. वाया गेल्यालं चालायचं न्हाय. कंचं आटवायचं त्ये तुमीच ठरवा, तुमचा घोळ हाय.”

दोन्ही मुखवटे गादीवर शेजारी शेजारी ठेवले. मला वाटले होते, माझा उघडा पडेल. पण हनुवटी एक, ओठ एक, डोळे एक. इतके दिवस ज्याच्याशी झगडलो तो चेहरा कोणता, हे मलाही प्रथम ओळखता आले नाही. मी जिथून शिकलो होतो तिथूनच दोन्ही आले होते. काकांनी चष्मा लावला, तो उपयोगाचा नाही असे दिसल्यावर काढला. एक मुखवटा उचलून त्यांनी उलटा केला आणि मागच्या घावांवरून अंगठा फिरवला. मग दुसरा घेतला. अंगठा मध्येच थांबला, मागे आला, पुन्हा पुढे गेला. तिथे तांदळाच्या कणीएवढ्या रेघा होत्या.

“हा माझा,” काका म्हणाले. “हा ठेवा. तो आटवा.”

तो त्यांचा नव्हता. तो मी केलेला होता. इरण्णाने तोंड उघडले आणि अण्णांकडे पाहून मिटले. मी बोलायला हवे होते की नाही, याचा निकाल मला अजून लागलेला नाही. काकांनी हातोडी मला दिली होती हे ते विसरले असतील. नजर गेली होती, खूण जुन्या हाताची होती, फसणे शक्य होते. किंवा ते अजिबात फसले नसतील. मी त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिले. त्यावरून काही कळत नव्हते. त्यांनी टोपी नीट केली एवढेच.

अण्णा पुढे सरकले. ठेवायच्या मुखवट्यावरचा आपला टिळा त्यांनी चिमट्याच्या टोकाने उचकटून काढला. दुसऱ्या मुखवट्यावरचा टिळा, म्हणजे इरण्णाने केलेला, त्यांनी तितक्याच सांभाळून सोडवला आणि पहिल्याच्या कपाळावर बसवला. कडा बोटाने दाबल्या.

“काय झालं वो, अण्णा?” सोनाबाईंनी विचारले.

“पहिला नीट बसत नव्हता,” अण्णा म्हणाले.

तो नीट बसलेला होता. मी जवळून पाहिला होता.

काकांनी स्वतःचा मुखवटा लाल कापडात गुंडाळून काखेत घेतला. प्रभावळ त्याची करतो, दोन आठवड्यांनी या, असे सदाबांना सांगितले. सोनाबाई उठताना म्हणाल्या, “सुटलं बाई येकदाचं.” पायरी उतरताना काका थांबले. “एकट्यानं व्हायची नाही प्रभावळ. पत्रा धरायला कोण तरी पाहिजे की.” हे त्यांनी कोणालाच उद्देशून म्हटले नाही. अण्णांनीही कोणाकडे पाहिले नाही. “उद्यापासून तिकडे बस,” असे ते म्हणाले, आणि हे मला होते एवढे मात्र समजले. इरण्णाकडे वळून ते म्हणाले, “दिव्यात तेल आहे का बघ.”

पाटी पुन्हा एकत्र झाली नाही. दोन्ही दुकाने शेवटपर्यंत वेगळी राहिली आणि दोघे म्हातारे शेवटपर्यंत एकमेकांना ‘नारायणराव’ आणि ‘शिवप्पाशेठ’ म्हणत राहिले. आता त्या गल्लीत काचेची दारे आहेत आणि मुखवटे साच्यात पाडून पेटीतून येतात. काही वर्षांपूर्वी मुलाच्या गाडीतून मी त्या गावी जाऊन आलो. लक्ष्मीआईचा मुखवटा जागेवर आहे, मागे प्रभावळ आहे. मुखवटा उलटा करून दाखवा, असे देवळात कोणाला म्हणता येत नाही. मी नमस्कार केला आणि बाहेर आलो.

मुखवट्यांचा निकाल लागला त्याच्या दुसऱ्या दिवशी भोंगा झाल्यावर मी खाचेची हातोडी घेऊन खाली उतरलो. इरण्णा समोरून येत होता. गल्लीच्या मध्यावर, पाण्याच्या नळापाशी, आम्ही एकमेकांसमोर आलो. पुढे कित्येक वर्षे रोज सकाळी तिथेच आलो.

“आज काय केलंय?” त्याने विचारले.

“आमटी. ताकही आहे. तुमच्याकडे?”

“शेंगांची चटणी.”

तो आमच्या घराकडे गेला, मी त्याच्या.